बेंडिगोचा इतिहास शोधायला निघालात? मग हे ऐका

सगळ्यात आधी एक लक्षात ठेवा: १८९१पर्यंत ऑस्ट्रेलियातल्या या शहराचं अधिकृत नाव सँडहर्स्ट होतं. ट्रोव्ह या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात, पण तिथे नुसतं 'बेंडिगो' शोधलंत तर बरंच काही हातून निसटेल. दोन्ही नावं टाकून बघा.

मग पॉल मॉल या मुख्य रस्त्यावर पायी फिरा आणि मान वर ठेवा. दुकानांचे खालचे दर्शनी भाग बदलतात, वरचे मजले जुन्या खुणा जपून ठेवतात. १८९७चं शॅमरॉक हॉटेल, अलेक्झांड्रा कारंजं, टाउन हॉल. शेवटच्या दोन्हींमागे वाहलँड या जर्मन वास्तुविशारदाचा हात आहे. एकाच माणसाचं काम ओळखायला शिकलात की नजर तयार होते.

पण एवढ्यावर थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती. सोन्याच्या शोधात आलेल्या चिनी लोकांचं ते लाल रंगाचं जॉस हाउस, म्हणजे त्यांचं मंदिर, जरूर पाहा. श्रीमंती थाटाच्या इमारतींइतकंच तेही या शहराचं आहे. आणि १८५१मध्ये सोनं सापडलं, त्याच्या कितीतरी आधीपासून ही भूमी जा जा वुरुंग या इथल्या आदिवासी लोकांची आहे. तुमच्या वहीचं पहिलं पान त्यांच्यापासून सुरू करा.