‘मॅडम, शनिवारपर्यंत भरायचेत’

‘एम.ए. झालं, बी.एड. झालं. इथल्या शाळा दहा-बारा हजारांच्या वर जात नाहीत. परदेशात शिकवायला जायचंय. कुठला देश लवकर घेतो?’

सोलापुरात माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या मुलांकडून हा प्रश्न वर्षातून दोनदा, हंगाम धरून येतो. एकदा निकालांनंतर आणि एकदा संक्रांतीच्या आसपास. दुसऱ्या हंगामाचं कारण असं, की आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि शिक्षक भरायची त्यांची धावपळ डिसेंबर ते मार्च चालते. मुलांना हे माहीत नसतं. एजंटांना पक्कं माहीत असतं.

ही गोष्ट अशाच एका जानेवारीची. मुलीनं लिहायला हो म्हटलंय, पण नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील थोडे बदललेत.

सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली होती. होम मैदानाकडचे रस्ते बंद, म्हणून तिघं चालतच आली होती. मुलगी, तिची आई आणि थोरला भाऊ. घर पूर्व भागात. घरी तेलुगू, गल्लीत मराठी. आई विड्या वळते, भाऊ अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. भावानं बसता बसताच सांगितलं, “मॅडम, शनिवारपर्यंत भरायचेत. एक लाख साठ हजार. तुम्ही नुसतं लेटर बघा आणि सांगा, खरं हाय का खोटं.”

तो मंगळवार होता.

लेटर दोन पानी, रंगीत प्रिंट. दुबईजवळच्या एका शाळेचं बोधचिन्ह वर, पण कडा पुसट. कुठून तरी उचलून मोठं केलेलं. पहिल्या पानावर हुद्दा ‘इंग्लिश टीचर’, दुसऱ्या पानावर तोच ‘असिस्टंट’. पगार ४,००० दिरहम. राहण्याच्या रकान्यात ‘धोरणानुसार’. शाळेचा ईमेल पत्ता फुकटच्या मेलवरचा. आणि खाली बारीक अक्षरात: उमेदवारानं व्हिजिट व्हिसावर यावं, पुढची प्रक्रिया तिथं होईल.

एवढं दिसल्यावर ‘खोटं आहे’ म्हणून मोकळं होता आलं असतं. पूर्वी मी तसंच करायचे. पण त्यानं फार तर तो एक एजंट टळतो. पुढच्या संक्रांतीला दुसरा भेटतो. म्हणून लेटर बाजूला ठेवलं आणि मुलीला म्हटलं, “तू सराव पाठ कुठं घेतलेस? एखादा सांग.”

तोवर ती एक शब्द बोलली नव्हती. आता खुर्चीत पुढं सरकली. सातवीचा वर्ग, मुलं घरी तेलुगू बोलणारी, शाळा मराठी, त्यात इंग्रजी तिसरी. ‘खाली, वर, मागं, मधून’ हे शब्द काही केल्या बसेनात. मग तिनं अन्नाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, कारखान्यातला एक टॉवेल नेला. पेन टॉवेलखाली, पोरगं टॉवेलमागं, टॉवेल दोन बाकांच्या मधून. “चौथ्या दिवशी मॅडम, एका मुलानं मला दारातच अडवलं आणि इंग्रजीत सांगितलं, ‘टीचर, युअर पदर इज अंडर युअर बॅग.’” ती हसली. आई काही न कळताही हसली.

मला माझं उत्तर मिळालं होतं. पोरगी शिकवू शकते. पण हे सांगणारा एकही कागद तिच्या फाइलीत नव्हता.

मग भावाला म्हटलं, आता तुमचं लेटर घेऊ. ‘खरं की खोटं’ हा प्रश्न सोडा. दोनच गोष्टी विचारा. पैसे कोण कुणाला देतंय? आणि व्हिसा कसला?

पहिली गोष्ट. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. नोंदणी असलेल्यांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. नोंदणीकृत एजंटनंही उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घ्यावा, असा नियम आहे. भावानं तिथंच मोबाइलवर शोधलं. नाव नाही. मग त्यानं एजंटला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “आम्ही रिक्रूटमेंट करत नाही सर. आम्ही कन्सल्टन्सी. हे पैसे ट्रेनिंग आणि प्रोसेसिंगचे.” म्हणजे नोकरी देतो असं तोंडानं म्हणायचं, पण पावतीवर लिहायचं नाही. खुद्द अमिरातीचा २०२१चा कामगार कायदा म्हणतो, की भरतीचा खर्च मालकाचा, तो कामगाराकडून घ्यायचा नाही. शाळेला शिक्षक खरोखर हवा असेल तर ती त्याच्यावर खर्च करते.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. व्हिजिट व्हिसावर जाऊन तिथं नोकरीचा व्हिसा करून घेता येतो, हे खोटं नाही. म्हणूनच हा डाव चालतो. पण परवाना हातात येईपर्यंत एक दिवसही काम करणं बेकायदा. विनापरवाना माणूस कामावर ठेवणाऱ्याला २०२४ पासून किमान एक लाख दिरहम दंड आहे, त्यामुळं चांगली शाळा त्या वाटेला जात नाही. जो जातो, त्याच्याकडे महिना-दीड महिना परवान्याची वाट बघत, उसन्या खोलीत राहणारी मुलगी पगाराबद्दल काय बोलणार?

मुलगी म्हणाली, “पण सरकार तपासत असेल ना जाताना?”

हा गैरसमज पदवीधरांमध्येच जास्त. ज्याच्या पासपोर्टवर ईसीआरची (जाण्याआधी तपासणी आवश्यक) नोंद असते, म्हणजे ढोबळमानानं दहावी न झालेला, त्याला आखातासह १८ देशांत कामाला जाताना उत्प्रवास मंजुरी घ्यावी लागते आणि त्यात कराराचे कागद बघितले जातात. नर्स कितीही शिकलेली असो, २०१५ पासून तिलाही या देशांसाठी मंजुरी लागते. शिक्षकाला लागत नाही. गवंड्याचा करार कुणीतरी बघतं, एम.ए. झालेल्या मुलीचा तिचा तिनंच बघायचा. शिकलेल्याला सगळं समजतं, असा सरकारचा भाबडा समज आहे. आपण तो वाढवू नये.

भाऊ मात्र हटेना. तो चांगला माणूस. बहिणीनं या गल्लीतून बाहेर पडावं असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि तेच एजंटनं अचूक हेरलं होतं. तो म्हणाला, “मॅडम, असं भीत बसलं तर कोण जाईल? आपले कोटणीस डॉक्टर गेलेच की चीनला.” भैय्या चौकातलं स्मारक येता-जाता बघणारा सोलापूरकर हे म्हणणारच. मी म्हटलं, गेले ना. १९३८ साली, तेही नुकतेच डॉक्टर झालेले, तिशीच्या आतले. पण पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले, काँग्रेसनं पाठवलेल्या, तिकडून मागणी आली म्हणून. तिथं त्यांना कुणी ‘आधी या, मग बघू’ म्हटलं नव्हतं. त्यावर तो गप्प झाला. पटलं म्हणून, की वाद घालायचा कंटाळा आला म्हणून, कोण जाणे.

निर्णय खरं तर आईनं केला. सगळं बोलणं मुलगी तिला तेलुगूत सांगत होती. तिनं एकच विचारलं: एक लाख साठ हजार म्हणजे किती विड्या? हजार विड्यांमागं तिच्या हाती दोनशे रुपये पडत होते आणि हजार विड्यांना तिचा अख्खा दिवस जात होता. आठशे दिवस. मुलीनं आकडा सांगितला. आईनं मांडीवरची पिशवी उचलली. गहाण ठेवायचे दागिने तिनं बरोबरच आणले होते, हे मला तेव्हा कळलं.

इथं माझी एक चूक सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मीच उत्साहानं परदेशी इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र करायला लावलं होतं. तो बी.ए. इंग्रजी, त्याला कोरियाचं वेड. मी चार ठिकाणी वाचून सांगितलं, कर. त्यानं पैसे भरले, चांगल्या गुणांनी पास झाला आणि जिथं अर्ज करावा तिथं एकच ओळ: ‘नेटिव्ह स्पीकर’. मला वाटलं होतं, याचा अर्थ उत्तम इंग्रजी. अर्थ होता पासपोर्ट. कोरियात इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. भारतीयांसाठी २०१० पासून अमलात असलेल्या व्यापार करारातून सहायक शिक्षकाची एक फट आहे, पण तिला अध्यापनाची पात्रता लागते. त्या मुलाकडे बी.एड. नव्हतं. आज तो पुण्यात एका कंपनीत आहे, माझ्याशी चांगलं बोलतो. मलाच अजून ते खुपतं. तेव्हापासून देशाचं नाव निघालं, की व्हिसाच्या अटीत नागरिकत्वाची ओळ आधी शोधते, कोर्सचं नंतर.

तर या मुलीसाठी दारं कुठली? बी.एड. असल्यानं आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा. मालदीव, जिथं भारतीय शिक्षक कित्येक वर्षं जाताहेत. इंग्लंडनं २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना तिथली शिक्षक-पात्रता मिळवायची सोय केली, पण ती गणित, विज्ञान आणि परकीय भाषांच्या शिक्षकांसाठी. इंग्रजीवाल्यांना उपयोग नाही. फुलब्राइट या अमेरिकी शिष्यवृत्तीची एक योजना तरुण इंग्रजी शिक्षकांना अमेरिकी विद्यापीठात नऊ महिने भारतीय भाषा शिकवायला नेते, खर्च तेच करतात. हे ऐकून भाऊ पहिल्यांदा हसला. “आपली भाषा शिकायला ते आपल्याला पैसे देणार?” म्हटलं, बघा, याला म्हणतात पैसे कुठून कुठं जाताहेत ते बघणं.

पण जवळपास प्रत्येक चांगल्या जाहिरातीत एक अट होतीच: किमान दोन वर्षांचा अनुभव. म्हणजे परदेशाची वाट सोलापूरच्याच एखाद्या शाळेतून जात होती. हे तिला सांगताना मला वाईट वाटलं, कारण त्या दहा-बारा हजारांना कंटाळूनच ती आली होती. तिचा चेहरा पडला. मी समजूत घातली नाही. हिशोब मांडला. दिरहम साधारण २३ रुपये धरला तर ४,००० म्हणजे ९२,०००. त्यातून वाटून घेतलेल्या खोलीतल्या पलंगाचं भाडं, जेवण, बस, फोन काढ. लेटरमध्ये ‘धोरणानुसार’ म्हटलेलं घरभाडं नक्की किती, ते कळेपर्यंत हा आकडा मनात धरू नकोस.

त्या आठवड्यात पैसे भरले गेले नाहीत. शुक्रवारी रात्री एजंटनं एक लाख वीसवर आणलं, रविवारी नव्वदवर. मग नंबर ब्लॉक.

पुढची दोन वर्षं गाजावाजा न होता गेली. सीबीएसईची एक शाळा मिळाली, १४,०००वर. मी एकाच गोष्टीचा आग्रह धरला होता: नेमणुकीचं पत्र घे आणि पगार खात्यातच घे. पगार हातात देऊन रजिस्टरवर सही घेणाऱ्या शाळा आहेत. तिथली दोन वर्षं पुढं कागदावर उमटतच नाहीत.

कागद हाच मधल्या काळातला खरा अभ्यास ठरला. तिनं पदवी प्रमाणपत्राचा अर्जच केला नव्हता. मार्कशीट आणि तात्पुरत्या प्रमाणपत्रावर भागतं अशी समजूत. परदेशी शाळेला दीक्षान्त समारंभानंतर मिळणारं मूळ पदवीपत्र लागतं, कारण शिक्के त्यावर बसतात. शिवाय दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि वडिलांच्या नावात आधारला एक अक्षर जास्त. तेलुगू नावं मराठी शाळेतून इंग्रजीत गेली की असं होतंच. राजपत्रात नोंद, मग पासपोर्ट दुरुस्ती; चार महिने गेले. एजंटबरोबर ती गेली असती, तर हेच अक्षर तिला विमानतळापलीकडे भेटलं असतं.

दुसऱ्या डिसेंबरात तिनं शाळांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरून अर्ज केले. एकोणीस. सतरांचं उत्तरच नाही. एकानं नकार कळवला. एक ओमानमधल्या मस्कतची शाळा, तिनं व्हिडिओवर नमुना पाठ मागितला, पंधरा मिनिटांचा, चौथीच्या मुलांसाठी. तिनं फोन करून विचारलं, “मॅडम, पीपीटी करू का?” मी विचारलं, तुझा अन्ना अजून टॉवेलच्याच कारखान्यात आहे ना?

पाठ झाला. शाळेनं करार पाठवला: पगार, खोली, परतीचं तिकीट, नोकरीचा व्हिसा शाळेकडून. तो आम्ही दोघींनी ओळ न ओळ वाचला आणि दोन ठिकाणी शंका विचारल्या. शाळेनं उत्तरंही दिली. अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून आपल्या सरकारनं द्यायचा शिक्का. ओमान त्याच्या करारात आहे आणि भारत २००५ पासून. म्हणून राज्याची साक्षांकनाची पायरी झाली की परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल पुरतो, अमिरातीसारखा दूतावासाचा फेरा नाही. मूळ कागद घेऊन ती सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री मुंबईला निघाली. भाऊ स्टेशनवर सोडायला आला होता. गाडी हलता हलता त्यानं खिडकीतून एक पिशवी आत दिली. तिला वाटलं शेंगाचटणी. आत सहा टॉवेल होते.