विल्डरनेसची लढाई नक्की कोणी जिंकली?
कोणीच नाही. अमेरिकी यादवी युद्ध, ५ ते ७ मे १८६४, व्हर्जिनियातलं दाट झुडपी रान. उत्तरेचा सेनापती ग्रँट, त्याचं सैन्य लाखाहून जास्त; दक्षिणेचा सेनापती ली, त्याचं बरंच कमी. पण त्या जाळीत समोरचा माणूस दिसेना, तोफाही फारशा चालेनात. लीचा सेनानी लाँगस्ट्रीट तर आपल्याच माणसांच्या गोळीने जखमी झाला. पाचोळ्याने पेट घेतला आणि हलता न येणारे जखमी जिवंत जळाले. वाचताना आजही पोटात कालवतं.

उत्तरेची हानी (मृत, जखमी, बेपत्ता मिळून) सुमारे १७,५००, दक्षिणेची ११,००० च्या आसपास. यावरून काहीजण लीला विजयी ठरवतात, मला ते पटत नाही. उत्तरेचे आधीचे सेनापती असा मार खाऊन मागे फिरायचे. ग्रँटने मात्र ७ मेच्या रात्री सैन्य पुढे, दक्षिण दिशेला, स्पॉटसिल्व्हेनियाकडे वळवलं. दिशा कळताच दमलेल्या शिपायांनी जल्लोष केला.