आधी घासणं थांबवा, क्रीमचं मग बघू

तुमची अडचण मला कळली ती अशी: मांड्यांची आतली बाजू आणि काखा काळवंडल्यात, दोन महिने रोज घासणीने खसाखसा घासून आंघोळ चाललीय, वरून उजळपणाचं क्रीम, आणि फरक शून्य. आता लिंबू आणि खायचा सोडा चोळू का, असं विचारताय. नका चोळू. आणि ती घासणी आजच कचऱ्यात टाका.

एवढ्या तावातावाने सांगतेय, कारण हाच उद्योग मी स्वतः चार वर्षं केलाय. डाग दिसला की मळ साचलाय असंच वाटतं. घासलं की तासभर कातडी गुळगुळीत आणि थोडी उजळ दिसते, आपण खूश. पंधरा दिवसांनी बघावं तर आधीपेक्षा काळी. शेवटी एकदा जीन्स उलटी करून मांडीशी धरली, तर आतली जाड दुहेरी शिवण आणि काळा पट्टा बरोब्बर एका रेषेत! मळबिळ काही नव्हता. दिवसभर शिवण घासत होती आणि राहिलेलं काम सकाळी मी करत होते.

होतं काय, तर बाह्यत्वचेच्या तळाशी मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, बनवणाऱ्या पेशी असतात. अशी एकेक पेशी आजूबाजूच्या तीसेक पेशींना रंग पुरवते. सततच्या घर्षणाने तिथे बारीकसा दाह होत राहतो, सावळ्या कातडीवर तो लाल दिसतही नाही, आणि या पेशी जास्त रंग ओतू लागतात. शिवाय घट्टे पडतात तसा वरचा थर जाड होतो, त्यामुळे डाग आणखी गडद दिसतो. लिंबाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) दोनच्या आसपास, सोड्याचा आठच्या वर आणि कातडीचा साधारण पाच. म्हणजे एकाने भाजायचं, दुसऱ्याने कोरडं करायचं. परत दाह, परत काळं.

म्हणून पहिला महिना औषध नाही, फक्त घर्षण बंद. आंघोळीला नुसते हात आणि सौम्य साबण. टॉवेलने टिपायचं, रगडायचं नाही. मांड्या एकमेकींना लागत असतील तर आत गुडघ्यापर्यंतची, शिवण आतल्या बाजूला न येणारी शॉर्ट्स घाला. खूप चालायचं असेल त्या दिवशी निघण्याआधी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. घामाने ओलं झालेलं सुती कापड कोरड्यापेक्षा जास्त घासतं, तेव्हा जमेल तसं बदला. काखेत रेझर वापरत असाल तर उलट्या दिशेने ओढू नका, त्यापेक्षा ट्रिमर बरा. डिओडरंटने चुरचुरत असेल तर तेही काही दिवस बंद.

मग क्रीम. नायसिनामाइड ४-५ टक्के सगळ्यात गरीब स्वभावाचं, तिथून सुरुवात करा. दीडेक महिन्याने अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड, आधी एक दिवसाआड रात्री आणि वाटाण्याएवढंच. पहिले काही दिवस किंचित चुणचुणतं, ते चालतं. आग झाली किंवा सालं निघाली तर थांबवायचं, कारण आग म्हणजे पुन्हा तेच चक्र. कोपर-गुडघ्यांची गोष्ट वेगळी. तिथली कातडी जाड, तिला १० टक्के युरियाचं किंवा लॅक्टिक अ‍ॅसिडचं मॉइश्चरायझर मानवतं. (आणि टेबलावर कोपर टेकवून बसायची सवय मोडावी लागते. माझी अजून मोडलेली नाही.) तेच मॉइश्चरायझर जांघेत लावलं तर नाचायची वेळ येईल.

आता तुमचं ते उजळपणाचं क्रीम. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, क्लोबेटासोल, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. जांघ आणि काखेत कातडी पातळ, त्यात घडी झाकलेली, त्यामुळे औषध जास्त शोषलं जातं. कातडी आणखी पातळ होते आणि स्ट्रेच मार्क्ससारखे पट्टे उमटतात, ते कायमचे. बरेच दिवस लावत असाल तर कसं बंद करायचं हेही डॉक्टरांनाच विचारा. हायड्रोक्विनोन चांगलं काम करतं, पण तेही त्यांच्याच देखरेखीखाली आणि ठरावीक महिनेच. वर्षानुवर्षं लावलं तर काहींच्या कातडीवर त्यानेच निळसर-काळी झाक येते आणि ती जाता जात नाही.

हे सगळं करायच्या आधी डाग खरंच घर्षणाचाच आहे ना, हे पाहून घ्या. मानेवरून बोट फिरवा. तिथे किंवा काखेत कातडी मखमलीसारखी जाडसर लागत असेल, घड्या ठळक दिसत असतील, तर तो बहुधा अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स. त्याच्या मुळाशी बऱ्याचदा इन्सुलिनला न जुमानणारं शरीर असतं. तिथे क्रीमवर पैसे घालवण्याआधी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासा. वजन आणि साखर ताळ्यावर आली की मान आपोआप फिकी होत जाते. डाग खाजत असेल आणि कडा उठून दिसत असेल तर बुरशी असू शकते, त्यावर स्टेरॉइड म्हणजे तिला मेजवानी. घासणी पाठीवरही चालवत असाल आणि तिथे वाळूवर उमटतात तशा बारीक तपकिरी लहरी दिसत असतील, तर तो अमायलॉइडचा (कातडीत साचणाऱ्या एका प्रथिनाचा) प्रकार असू शकतो. नायलॉनच्या घासणीशी त्याचं जुनं नातं आहे आणि क्रीमला तो फारशी दाद देत नाही. तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच.

वेळेचं म्हणाल तर बाह्यत्वचा नवी व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून तीन महिन्यांच्या आत निकाल लावू नका. तपकिरी डाग लवकर हलतो. राखाडी-निळसर असेल तर रंग कातडीच्या खोल थरात उतरलाय, त्याला वर्ष किंवा जास्तही लागेल. महिन्यातून एकदा त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढा, रोज आरशात निरखू नका. माझा शिवणीचा पट्टा फिका व्हायला दहा महिने लागले. काख मात्र हाताच्या रंगाची झालेली नाही, होणारही नाही. घडीतली कातडी बहुतेकांची थोडी गडदच असते.

तुमच्या ट्यूबवर काय लिहिलंय आणि मानेला बोट लावल्यावर कसं लागतं, एवढं सांगा, मग पुढचं बोलू.