मेडिकलवाल्याला औषधाबद्दल काय विचारायचं असतं?

तुम्ही विचारलंय, डॉक्टरांनी चिठ्ठी दिल्यावर मेडिकलवाल्याला वेगळं काय विचारायचं, तो तर फक्त गोळ्या देणारा. आईच्या थायरॉईडचं प्रकरण होईपर्यंत मलाही असंच वाटायचं.

आम्ही सांगलीत, विश्रामबागेत राहतो. आई रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी न चुकता घ्यायची. तरी टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की रक्ताच्या तपासणीत वाढलेला दिसणारा आकडा, वाढतच चाललेला. 50 ची गोळी 75 ची झाली, मग चिठ्ठीवर 100 आलं. ती बाटली आणायला दोघं गेलो, तेव्हा आईनं कॅल्शियमचं पाकीटही मागितलं. फार्मासिस्टनं दोन्ही काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "काकू, या गोळ्या कधी घेता?"

"एकदमच. सकाळी एकदाच आटोपतं."

"तिथंच घोळ आहे. कॅल्शियमनं ही गोळी पोटातच अडकते, रक्तात पुरती जात नाही. दोन्हींत 4 तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीचंही तेच. आणि सकाळचा चहा गोळीनंतर अर्ध्या-एक तासानं." कॅल्शियमच्या पाकिटावर त्यांनी बॉलपेननं 'रात्री जेवल्यावर' असं लिहिलं, आणि 100 ची बाटली परत फळीवर ठेवली. "आधी डॉक्टरांना हे सांगा, डोस त्यांना ठरवू दे."

डॉक्टरांनी 75 च कायम ठेवली. दोन महिन्यांनी तपासलं, तर टीएसएच जागेवर! इतके दिवस हा साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तेव्हापासून मी विचारतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, त्यावर तापाची वेगळी गोळी घेतली की डोस दुप्पट होतो आणि तो लिव्हरला महागात पडू शकतो, हे त्या फार्मासिस्टनंच सांगितलं. पुतण्याला जुलाब झाले तेव्हा मी गोड ज्यूसचं खोकं उचललं होतं. त्यांनी हातात ओआरएसची पुडी दिली. अख्खी पुडी, तिच्यावर लिहिलंय तेवढ्या पाण्यात (मोठी असेल तर 1 लिटर), अर्धी-पाव करायची नाही.

हां, आजार ओळखायला मात्र त्यांच्याकडे जाऊ नका. चांगला फार्मासिस्ट स्वतःच ते टाळतो. छातीत दुखतंय म्हणून गॅसची गोळी मागणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी माझ्यासमोर गोळी दिली नाही, रिक्षा थांबवून थेट मिरजेला दवाखान्यात धाडलं. अँटिबायोटिकही ते चिठ्ठीशिवाय देत नाहीत. पाकिटावरची लाल रेघ त्यासाठीच असते.

पुढच्या वेळी जाताना घरातली चालू असलेली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिकसुद्धा. संध्याकाळी गर्दी असते, दुपारी जा.