'पासून'ची वाटणी: सिन्स आणि फॉर

प्रश्न असा आहे: मुलीने वहीत 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' लिहिलं. बाईंनी 'सिन्स'चं 'फॉर' केलं, वर 'अ‍ॅम' खोडून 'हॅव बीन' केलं. दोन शब्दांत फरक काय, आणि 'अ‍ॅम'ने कोणाचं घोडं मारलं?

मुलीचं वाक्य इंग्रजी म्हणून चुकलं, पण आतून ते अस्सल मराठी आहे: 'मी इथे पाच वर्षांपासून राहतेय.' आपला 'पासून' ऐसपैस. 'पाच वर्षांपासून' चालतं, '२०१९ पासून' चालतं, 'सोमवारपासून परीक्षा आहे' हेही चालतं. इंग्रजीत या तिघांची वाटणी होते. काळाची लांबी सांगायची तर 'फॉर' (फॉर फाइव्ह इयर्स). सुरुवात कुठे झाली ते सांगायचं तर 'सिन्स' (सिन्स २०१९, सिन्स मंडे). परीक्षा मात्र अजून व्हायची आहे, तिथे 'फ्रॉम'. 'सिन्स'ला पुढचं दिसत नाही.

माझी एक घरगुती युक्ती. मराठी वाक्यातला 'पासून' काढून 'गेली' लावून बघा. 'गेली पाच वर्षं राहतेय' जमतं, म्हणजे 'फॉर'. 'गेली २०१९' जमत नाही, म्हणजे 'सिन्स'. अर्जांत हमखास दिसणारं 'सिन्स लास्ट टू इयर्स' इथेच पकडलं जातं. हवं 'फॉर द लास्ट टू इयर्स'. 'सिन्स लास्ट इयर' मात्र बरोबर, कारण तिथे मोजमाप नाही, सुरुवात आहे.

आता 'अ‍ॅम'. पाच वर्षांपूर्वी सुरू झालेलं राहणं अजून चालू आहे, म्हणून मराठी सरळ वर्तमानकाळ वापरते. जर्मनही तसंच करते, शिवाय त्यांचा 'झाइट' आपल्या 'पासून'सारखाच '२०१९' आणि 'पाच वर्षं' दोघांनाही लागतो. इंग्रजीला मात्र तेव्हापासून आतापर्यंतचा धागा क्रियापदात दिसावा लागतो, म्हणून 'हॅव बीन लिव्हिंग'. 'आय लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हटलंत तर ऐकणारा समजेल, तुम्ही ते घर सोडलंत.

'सिन्स'चा आणखी एक अर्थ 'कारण'. 'सिन्स ही लेफ्ट, नोबडी हॅज कॉल्ड' म्हणजे तो गेल्यापासून कोणी फोन केला नाही, की तो गेल्यामुळे? इंग्रजी वाक्य दोन्ही डगरींवर हात ठेवून मोकळं. इथे वाटणी मराठीला करावी लागते.