आधीच खोडू नकोस

चि. स अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या युद्धकाळातल्या वह्या छापायच्या, तर 'अडचणीची' पानं आपणच आधी काळी करून मग परवानगीसाठी पाठवावीत का, असं विचारलंयस. थांब. त्याआधी मॉरिस हँकींची हकिकत ऐक.

डिसेंबर 1916 मध्ये लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाले आणि ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या बैठकांचं रीतसर टिपण पहिल्यांदाच ठेवलं जाऊ लागलं. ते ठेवणारे सचिव म्हणजे हँकी. शिवाय त्यांची स्वतःची डायरी होतीच. 1938 ला निवृत्त झाले, दुसऱ्या महायुद्धात काही काळ मंत्रीही होते. पहिल्या महायुद्धाच्या आठवणी डायरीवरून लिहून काढल्या, परवानगी मागितली. नकार. सरकारं बदलली, नकार बदलला नाही. सचिवच पुढे लिहिणार असेल तर मंत्री त्याच्यादेखत मोकळं बोलतील कसे, असं म्हणणं. (अगदीच पोकळ नाही हं ते.) पण 1948 ते 1954 या काळात चर्चिल मात्र सरकारी कागदांच्या आधारे दुसऱ्या महायुद्धावरचे आपले सहा खंड काढत होते!

गंमत अशी, की एके काळी ही चाळणी हँकींच्याच हातात होती. लॉइड जॉर्ज यांच्या युद्ध-आठवणींचा मसुदा त्यांनीच तपासला होता. माजी मंत्र्यांच्या घरी पडलेले मंत्रिमंडळाचे कागद परत मागवण्यामागेही तेच होते. कुलूप स्वतःच लावलं आणि किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला गेली.

पुस्तक अखेर 1961 साली निघालं, दोन खंडांत. तोवर हँकींनी ऐंशी ओलांडली होती. 1963 मध्ये ते गेले. डायऱ्या मात्र टिकल्या. आज त्या केंब्रिजला आहेत, तेही चर्चिल यांच्या नावाच्या कॉलेजात.

म्हणून सांगतो, वहीला हात लावू नकोस. आधी प्रत्येक पान स्कॅन कर, दोन ठिकाणी ठेव. 'काही मजकूर टाळावा' अशा तोंडी सूचनेवर काहीही गाळू नकोस. कुठलं पान, कुठल्या नियमाखाली, हे लेखी माग. निम्मे आक्षेप तिथेच गळतात, हा माझा अनुभव. एखाद्या खबऱ्याचं नाव असेल आणि त्याची मुलंबाळं हयात असतील, तर ते मीही गाळेन. पण पुस्तकातून, वहीतून नव्हे.

रविवारी ये. वह्या पिशवीत कोंबू नकोस, सुती कापडात गुंडाळून आण.