मातीच्या रंगासाठी सिनियर सिटिझनचं खातं मोडू का?

ताई, तुमचा प्रश्न आधी सगळ्यांना कळावा म्हणून थोडक्यात सांगते. पुण्यात एरंडवण्याला सासऱ्यांनी १९६८ साली बांधलेला बंगला, सागवानी खिडक्या-दारं, पश्चिमेकडे लाकडी कठड्याची गॅलरी. ऑइलपेंटचे पोपडे सुटलेत. मुलगा स्वीडनला असतो, तो म्हणतो तिकडची लाकडी घरं मातीच्या लाल रंगात वर्षानुवर्षं टिकतात, केमिकल नको, हाच लाव. तशा रंगाचं कोटेशन आलंय २ लाख, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६,०००. नेहमीचा पेंटर ऑइलपेंटचे ८८ हजार सांगतो. आणि १४ महिन्यांपूर्वी सिनियर सिटिझन स्कीममध्ये, म्हणजे सरकारच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, ठेवलेल्या १५ लाखातून हे पैसे काढायचे का, असं तुम्ही विचारलंय.

खातं मोडू नका. त्या स्कीममधून थोडे पैसे काढताच येत नाहीत, काढायचे तर अख्खं खातं बंद करावं लागतं. वर्ष झालंय पण दोन वर्षं झाली नाहीत, म्हणून मुद्दलातून दीड टक्का कापतील, म्हणजे २२,५०० रुपये कुणाच्याही हाती न लागता गेले. वर ८.२ टक्क्याने २,३६,००० चं वर्षाला १९ हजारांच्या वर व्याज बुडणार ते वेगळंच. दर तिमाहीला येणाऱ्या ३०,७५० वर तुमची औषधं आणि लाइटबिल चालतं असं तुम्हीच लिहिलंय, त्याला धक्का लावायचा नाही. फेब्रुवारीत सुटणारी ३ लाखांची एफडी पण रंगात घालू नका हं, ती दवाखान्यासाठी आहे.

आता रंगाचं. मुलगा खोटं सांगत नाहीये. तो लाल रंग स्वीडनमधल्या फालुन गावच्या तांब्याच्या खाणीतल्या लोहयुक्त मातीचा, खाण १९९२ ला बंद झाली तरी रंग अजून बनतो. पाणी, पीठ, थोडं जवसाचं तेल घालून माती शिजवतात. त्याचा वर ऑइलपेंटसारखा बंद पापुद्रा धरत नाही म्हणून लाकडात शिरलेलं पाणी बाहेर निघून जातं, पोपडे येत नाहीत, हळूहळू भुकटी होऊन झिजतो, आणि पुन्हा लावायचा तर ताठ ब्रशने झाडून वरून हात मारला की झालं. हे खरंच मोठं आहे, कारण लाकडाच्या रंगकामात पैसा डब्यात कमी आणि खरवडण्यात जास्त जातो, तुमच्याच कोटेशनमध्ये २ लाखातले ९० हजार नुसते जुना रंग काढायचे आहेत.

पण तो रंग आहे तिकडच्या खरखरीत, रंधा न मारलेल्या पाइन-स्प्रूससाठी. तुमचं लाकूड रंधा मारलेलं गुळगुळीत, तेलकट सागवान, आणि त्याच्यावर पन्नास वर्षांचे ऑइलपेंटचे थर. एक थर जरी राहिला तरी माती तिथे धरणार नाही. शिवाय आपलं वैशाखातलं पश्चिमेचं ऊन आणि मग चार महिने झोडपणारा पाऊस, तिकडची वर्षं इकडे तशीच मोजता येत नाहीत. अजून एक, गॅलरीच्या कठड्यावर तुम्ही चादरी वाळत घालता ना? आमच्या दारातल्या तुळशीवृंदावनाला गेरू लावला की आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपड्याला लाल लागतं, हा रंगही हाताला लागतो. कठड्याला तर तो मी लावणारच नाही.

हिशोब १२ वर्षांचा करून बघू, आजच्याच भावाने. ऑइलपेंट दर चार वर्षांनी, तीनदा, म्हणजे २,६४,०००, आणि मधे एकदा सगळं खरवडायला ५० हजार धरले तर ३,१४,०००. मातीचा रंग पहिल्यांदा २,३६,०००, पुढच्या खेपेला ठेकेदार ७० हजार म्हणतोय. सहा वर्षं टिकला तर एकदाच परत लावायचा, ३,०६,०००, म्हणजे थोडा स्वस्तच. चारच वर्षं टिकला तर दोनदा, ३,७६,०००. सगळा खेळ चार की सहा यावर आहे, आणि ते ठेकेदाराच्या तोंडी शब्दावर ठरवायचं नाही. ७० हजारांचा आकडा मात्र त्याच्याकडून लिहून घ्या.

म्हणून मी असं करीन: दिवाळीनंतर लाकूड कोरडं झालं की पश्चिमेची एकच खिडकी पूर्ण उघड्या लाकडापर्यंत खरवडून मातीच्या रंगात, आणि शेजारची ऑइलपेंटमध्ये. ठेकेदार २५ हजारांच्या आत करून देत असेल तरच, आणि ते वरच्या मजल्याच्या भाड्यातून द्या. ऊन आणि पाऊस दोन्ही खाल्ल्यावर पुढच्या दसऱ्याला दोन्ही खिडक्या बघायच्या. नंतर २२ हजार भाड्यातून महिना ७ हजारांची वर्षभराची आरडी लावा, ८४ हजार आणि वर व्याज जमेल, मग पश्चिमेची बाजू एका वर्षी आणि बाकीच्या पुढे, सगळं एकदम करायची कोणी सक्ती केलेली नाही. रंगाचं बिल भाड्याच्या उत्पन्नातून वेगळं वजा होत नाही, तिथे ३० टक्के सरसकट वजावट मिळते, खर्च केला काय न केला काय, त्यामुळे टॅक्ससाठी घाई नको.

त्याआधी एक काम आजच करा, फुकट आहे. स्क्रू ड्रायव्हर घेऊन प्रत्येक खिडकीच्या चौकटीची खालची पट्टी टोचून बघा, जिथे पाणी साचतं तिथे. टणक लागलं तर ठीक, चहात बुडवलेल्या टोस्टसारखं आत गेलं तर तिथे कुठलाच रंग उपयोगाचा नाही, सुतार बोलवून तेवढा तुकडा बदला. पन्हळ कुठे गळते तेही बघा. रंगाच्या आधी पैसा इथे जाऊ दे.

आणि ताई, खरवडायचं काम कोरडं करू देऊ नका. आपल्याकडे घरगुती रंगात शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, तुमचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे, त्यात शिसं असू शकतं. पाणी मारून पॉलिश पेपर घासायला सांगा, खाली प्लास्टिक अंथरा, चुरा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्या, आणि काम चालू असेल तेवढे दिवस नातवंडांना मावशीआजीकडे पाठवा.